मारिएटाचं टेकाड : कबरींच्या मधोमध कबर

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. थोडा साफसूफ केलाय, बाकी बोललो तसाच.

अमेरिकन ‘पायोनियर’ म्हटलं की डोळ्यांसमोर ताडपत्रीच्या छताच्या गाड्या आणि ओसाड माळरान येतं. सिनेमांची कृपा. आजचं गाव त्या चित्राच्या बरंच आधीचं आहे : ओहायो राज्यातलं मारिएटा.

७ एप्रिल १७८८ रोजी ४८ माणसं मस्किंगम नदीच्या मुखाशी होड्यांतून उतरली. म्होरक्या रूफस पटनम, इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातला सेनाधिकारी. युद्धानंतर सरकारकडे सैनिकांना द्यायला रोकड नव्हती, म्हणून हाती प्रमाणपत्रं ठेवली होती आणि त्यांची किंमत पार घसरली होती. तेच कागद मोजून या लोकांच्या ओहायो कंपनीने जमीन घेतली. थकलेल्या पगाराच्या बदल्यात जमीन, असं समजा ना. गावाला नाव दिलं फ्रान्सच्या राणीचं, मारी आंत्वानेतचं. पाच वर्षांत राणीचं डोकं गेलं, गावाचं नाव राहिलं.

तर जंगलात यांना काय सापडलं? मातीचे लांबच लांब बांध, सपाट माथ्याचे चौथरे आणि जवळपास ३० फूट उंच, शंकूसारखं एक टेकाड, भोवती खंदक. कंपनीचे एक संस्थापक मनॅसे कटलर पाद्री होते आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. या बांधकामांवर वाढलेली झाडं तोडल्यावर त्यांनी बुंध्यातली वर्तुळं मोजली. एका झाडात चारशेच्या वर भरली. झाड मातीच्या ढिगावर उगवलंय, म्हणजे ढीग त्याहून जुना. साधं लॉजिक! आज आपण ही बांधकामं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची धरतो, पण १७८८ साली हातात काही नसताना हे सुचणं मला जाम आवडतं.

त्यांनी टेकाड पाडलं नाही. भोवतीची जागा सार्वजनिक म्हणून राखली आणि १८०१ मध्ये तिथेच गावाचं कबरस्तान केलं. १८२४ मध्ये पटनमही तिथेच विसावला. स्वातंत्र्ययुद्धातले इतके अधिकारी दुसऱ्या कुठल्या कबरस्तानात नाहीत, असं गावकरी अभिमानाने सांगतात. बाकीच्या बांधकामांचं नशीब तितकं चांगलं नव्हतं. नदीकडे जाणाऱ्या रस्त्याचे उंच बांध विटांसाठी खणून नेले, एका चौथऱ्यावर आज गावाचं वाचनालय उभं आहे. कबरी नसत्या तर टेकाडही विटांत गेलं असतं, असं माझं मत.

आता अवघड भाग. लेनापे, शॉनी, वायनडॉट, मायामी लोकांच्या लेखी ही जमीन विकलेलीच नव्हती. जानेवारी १७९१ मध्ये मस्किंगमच्या काठी, वरच्या अंगाला असलेल्या बिग बॉटम वस्तीवर हल्ला झाला. नोव्हेंबरात गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअरच्या फौजेचा असा धुव्वा उडाला की सहाशेच्या वर सैनिक मेले. पण १७९४ ची लढाई मूळ रहिवासी हरले आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल तहात ओहायोचा बहुतांश भाग गेला.

आणि टेकाड? ते ‘इंडियनांनी’ बांधलंच नाही, कुठल्याशा लुप्त झालेल्या थोर वंशाने बांधलं, अशी समजूत देशभर पसरली. सोयीची समजूत होती बघा. आत्ताचे रहिवासीच आधीच्यांना हुसकून आले असतील, तर त्यांना हुसकायला काय हरकत? १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने मूळ रहिवाशांना पश्चिमेला हलवण्याचं समर्थन करताना काँग्रेसपुढे नेमका हाच मुद्दा मांडला. सायरस थॉमसच्या अहवालाने ही कथा मोडीत काढली ती १८९४ मध्ये. तोवर लोक हलवून झाले होते.

त्यात वायनडॉट शेवटचे. १८४३ मध्ये त्यांनी ओहायो सोडलं. जाताना अप्पर सँडस्की गावातलं आपलं चर्च आणि आपल्या माणसांच्या कबरी त्यांनी मेथडिस्ट चर्चच्या हवाली केल्या, कोणीतरी सांभाळावं म्हणून. ती जागा चर्चने ओक्लाहोमातल्या वायनडॉट नेशनला परत केली २०१९ मध्ये. साधारण तीन एकर.