घोंगडी पारखावी कशी, जपावी कशी

घोंगडी मेंढीच्या लोकरीची. धनगर लोकर कातरतात, सणगर ती मागावर विणतात. थंडीत ती ऊब देते, पावसात तिची खोळ होते. पण आज बाजारात तशाच दिसणाऱ्या बनावट धाग्याच्या घोंगड्याही येतात. मग खरी ओळखायची कशी?

विकत घेण्याआधी काठाचा एक दोरा मागून घ्या. चिमट्यात धरून पेटवा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. बनावट धागा वितळतो, त्याची टणक गोळी होते. दोन्ही खुणा दिसल्या तर भेसळ समजा. शेकोटीजवळ बसणाराने हे पाहावेच. लोकर सहसा भडकत नाही. वितळलेला धागा मात्र अंगाला चिकटून भाजतो.

लोकरीचा वैरी म्हणजे कसर. तिची अळी लोकर खाते. तिला अंधार हवा, घामामळाची लोकर हवी. घोंगडी कोपऱ्यात पडून राहिली की भोके पडलीच! म्हणून पंधरा दिवसांनी ती कडक उन्हात घाला, काठीने झटका, उलटवून पुन्हा झटका. नुसत्या कडुलिंबाच्या पाल्यावर भिस्त ठेवू नका.

धुताना कढत पाणी नको, घोंगडी आटते. सोडाही नको. गार पाण्यात रिठ्याचा फेस करा. पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली घोंगडी दोरीवर टाकली तर स्वतःच्या भाराने ताणते. ती सावलीत बाजेवर पसरा.

खरी घोंगडी महाग पडते खरी. पण एवढे केले, तर ती वर्षानुवर्षे साथ देते.