उरलेले दही आणि बर्फाचा कप्पा

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळतो, आणि वाडी रत्नागिरीच्या वाटेवरील घराघरांतून पाहुणे उतरतात. उन्हाचे दिवस, म्हणून पातेलेभर दही लावलेले असते. पाहुणे जातात, दही उरते. उद्या ते आंबट होणार! मग घरातली सूनबाई विचारते, "बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर टिकेल का हो?"

टिकेल; पण जसेच्या तसे राहणार नाही. असे का, ते पाहू.

विरजणातले जिवाणू दुधातील साखरेचे आम्ल करतात. त्या आम्लाने प्रथिनांची नाजूक जाळी विणली जाते व तीत पाणी अडकते. म्हशीच्या दुधातही शंभरांत 80 हून अधिक भाग पाणीच! या जिवाणूंना 40 ते 45 अंश सेल्सियसची ऊब मानवते. फ्रिजच्या 4-5 अंशांत ते मंदावतात, पण थांबत नाहीत. म्हणून तिथले दहीही हळूहळू आंबटते. गोठवल्यावर मात्र काम थांबते; काही जिवाणू मरतात, पुष्कळसे तगून राहतात. पण पाण्याचे बर्फकण जाळी फाडतात. बर्फ वितळला की पाणी वेगळे आणि दही रवाळ होते. ते नासलेले नसते. कढीला, ताकाला खुशाल वापरा. पानात वाढू नका.

मग गोठवावे काय? एक, विरजण. ताज्या, गोड दह्याचे दोन-तीन चमचे स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या डबीत ठेवा. महिन्याभरात वापरा. नेहमीपेक्षा थोडे जास्त घ्या. दही लागायला वेळही जास्त लागेल. गावाहून परतल्यावर शेजारी वाटी घेऊन जायला नको! दुसरे, चक्का. दही फडक्यात टांगून पाणी गाळले की बर्फाला फाडायला थोडेच उरते. साखर घालून श्रीखंड केले, तर ते आणखी चांगले गोठते.

वीज जाऊन एकदा वितळलेले दही पुन्हा गोठवू नका. बुरशी दिसली, तर वरवर काढून खाऊ नका, सगळेच टाका.

गुरुजींना एक विनंती. एकाच पातेल्यातले दही दोन वाट्यांत घ्या. एक गोठवून वितळवा, दुसरी फ्रिजमध्येच ठेवा. दोन्ही फडक्यातून गाळून पाणी मोजा. कुठल्या वाटीचे पाणी जास्त निघाले आणि का, ते मुलांनाच सांगू द्या.