विश्रांतवाडीच्या चौकातून ६१७४ च्या गावाला

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या चौकात सिग्नल लाल झाला, की स्कूटरवर माझ्यामागे बसलेली माझी दहा वर्षांची भाची कामाला लागते. समोरच्या गाडीच्या नंबर प्लेटवरचे शेवटचे चार अंक घ्यायचे आणि भराभर वजाबाक्या करायच्या. "मावशी, पोचली!" असं ती ओरडली, की समजायचं, आणखी एक गाडी ६१७४ च्या गावाला पोचली.

कुठलं बरं हे गाव? चला, आपणही जाऊन येऊ. गाडी नको, वही-पेन्सिल पुरे. विश्रांतवाडीचा पिनकोड आहे ४११०१५. त्यातले पहिले चार अंक घेऊ : ४११०.

आता हे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा : ४११०. मग उलटे, लहानाकडून मोठ्याकडे : ०११४. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. जे उत्तर येईल, त्याच्या अंकांचं पुन्हा तेच करा.

४११० − ०११४ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे जाऊन बघा. ६१७४ चे अंक मांडले, की पुन्हा ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४! गाडी इथे कायमची थांबली.

योगायोग वाटतो? मग पिनकोडचे शेवटचे चार अंक घ्या, १०१५. उत्तरं येतील ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या पायरीला ६१७४. चार अंकी कुठलीही संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत, कारण ४४४४ मधून ४४४४ गेले की शून्यच उरतं. आणि उत्तर ०९९९ असं आलं, तर सुरुवातीचं शून्य टाकून द्यायचं नाही. एवढं पाळलं, की जास्तीत जास्त सातव्या पायरीपर्यंत ६१७४ येतंच येतं.

हे गाव शोधून काढलं एका मराठी शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर त्यांचं नाव. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. शिकायला ते आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होते. तिथे असतानाच १९२७ मध्ये त्यांना गणितासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले. मोठी प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. कागद, पेन्सिल आणि आकड्यांची ओढ, एवढ्यावर त्यांनी १९४६ मध्ये ६१७४ ची ही गंमत हेरली. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ती सगळ्यांना सांगितली. आज जगभर या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

भाचीनं मला विचारलं, "पण मावशी, सगळ्या तिथंच का जातात?" हा प्रश्न मला वजाबाकीपेक्षाही आवडला. चला, गंमत आतून उघडून बघू.

४११० मधला सगळ्यात मोठा अंक ४. पहिल्या संख्येत तो हजारस्थानी आहे, दुसरीत एककस्थानी. म्हणजे त्याच्यातल्या प्रत्येक एकाची किंमत १००० वरून १ वर आली, ९९९ नं घटली. सगळ्यात लहान अंकाचं बरोबर उलटं होतं, त्याची किंमत तेवढीच वाढते. मधले दोन अंक शतक आणि दशक या जागांची अदलाबदल करतात, तिथे फरक पडतो १०० वजा १०, म्हणजे ९० चा.

म्हणून उत्तर ठरवायला दोनच गोष्टी लागतात. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडल्यावर कडेच्या दोन अंकांमधलं अंतर आणि मधल्या दोन अंकांमधलं अंतर. पहिल्याला ९९९ नं गुणा, दुसऱ्याला ९० नं गुणा आणि बेरीज करा. ४११० मध्ये कडेचं अंतर ४, मधलं अंतर ०. ९९९ × ४ = ३९९६. वजाबाकी न करताच उत्तर हातात!

आता खरी जादू. कडेचं अंतर १ ते ९ असू शकतं. मधलं अंतर शून्यही चालेल, पण कडेच्या अंतराहून मोठं होऊ शकत नाही, कारण मधले अंक कडेच्या अंकांच्या मध्येच बसतात. कडेचं अंतर १ असेल तर मधल्याला २ जागा, २ असेल तर ३ जागा, असं करत ९ असेल तर १० जागा. २ + ३ + ४ असं १० पर्यंत मिळवा. बेरीज ५४! म्हणजे ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या, सारख्या अंकांच्या सोडून, ९९९० संख्या पहिल्याच पायरीला फक्त ५४ उत्तरांत, म्हणजे जणू ५४ खोल्यांत, येऊन दाटतात.

आणि ५४ खोल्यांत चालत राहिलं, तर कधी ना कधी आधी पाहिलेल्या खोलीत पाय पडणारच. मग दोनच शक्यता : एका खोलीत मुक्काम, नाहीतर काही खोल्यांमधून गोल गोल फेऱ्या. दोन अंकी संख्या अशाच फेऱ्या मारतात. ५२ पासून निघा : २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७. थांबणं नाहीच! तीन अंकी संख्या मात्र ४९५ ला थांबतात.

मग चार अंकी संख्या ६१७४ लाच का थांबतात? त्याचीच अंतरं पाहा. ७६४१ मध्ये कडेचं अंतर ६, मधलं २. ९९९ × ६ = ५९९४, ९० × २ = १८०, बेरीज ६१७४. या खोलीचं दार परत तिच्यातच उघडतं. बाकीच्या ५३ खोल्यांतली एकही अशी नाही, आणि त्यांच्यात गोल फेऱ्याही नाहीत. प्रत्येक वाट शेवटी इथेच येते.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येते, ती विश्रांतवाडीवरूनच. तेव्हा चौकात वेगवेगळ्या गावांच्या दिंड्या दिसतात. कुणी जवळून आलेलं, कुणी फार लांबून, पण सगळ्यांना जायचं असतं पंढरपूरला. आपल्या संख्याही तशाच. कुणाला एकच पायरी लागते, कुणाला सात.

गणित म्हणजे नुसती मोठी आकडेमोड नव्हे. एवढ्या गर्दीत खरं महत्त्वाचं काय आणि बाजूला ठेवता येईल असं काय, हे ओळखणं म्हणजेही गणितच. आपण चार अंक बाजूला ठेवून दोन अंतरं उचलली आणि हजारो संख्यांचं गुपित ५४ खोल्यांत मावलं.

आता तुमची पाळी. कापरेकर सरांचं जन्मवर्ष घ्या, १९०५, आणि निघा ६१७४ च्या गावाला. किती पायऱ्या लागतात ते मी सांगत नाही. फक्त वहीत नवं पान उघडा, वाट जरा लांबची आहे.