गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी

एमएच ०४ किंवा एमएच ०५ अशी ठाण्याची अथवा कल्याणची पाटी असलेली, दोन-तीन हात फिरलेली आणि नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपत आलेली एखादी मोटार विकत घेताना आपल्याकडील मध्यमवर्गीय गृहस्थ रंग पाहतो, टायर पाहतो, एसी लावून पाहतो, विम्याचे दस्तऐवज डोळ्यांत तेल घालून वाचतो; परंतु डाव्या पायाखालच्या पेडलची विचारपूस करावी असे त्याच्या मनात सहसा येत नाही. पुढे केव्हातरी घोडबंदर रस्त्यावर, गायमुखच्या चढणीला, मागे कंटेनरची रांग लागलेली असताना इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी मात्र जड पावलांनी सरकते, असा प्रसंग गुदरला म्हणजे ‘क्लच प्लेट गेली’ असा निवाडा तो जागच्या जागी देऊन टाकतो. हा निवाडा पुष्कळदा खराही ठरतो. तथापि क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये दडलेला असल्यामुळे त्याचे नुसते दर्शन घ्यायचे तरी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि म्हणूनच या मामल्यात तपास आधी व हत्यार मागाहून, हा क्रम पाळणे मालकाच्या हिताचे असते.

क्लचची रचना समजण्यास कठीण नाही. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील नावाचे जड पोलादी चाक अखंड फिरत असते. त्याला चिकटून, दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले ‘लेदर’, लावलेली क्लच प्लेट नावाची एक तबकडी असते. आणि त्या तबकडीला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरण्याचे काम प्रेशर प्लेट करते. पेडल दाबले की केबल किंवा तेलाचा दाब एका बेअरिंगला पुढे ढकलतो, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि इंजिन फिरत असूनही चाकांशी त्याचा संबंध उरत नाही. पेडल अर्धवट दाबलेले असते तेव्हा तबकडी धड सुटलेली नसते आणि धड पकडलेलीही नसते. ती घासत राहते, तापते व झिजते. माजिवड्याच्या नाक्यावर किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर वीत-वीत पुढे सरकणाऱ्या रांगेत ‘हाफ क्लच’वर काढलेला अर्धा तास म्हणूनच मोकळ्या महामार्गावरील दूरच्या प्रवासाहून या तबकडीला अधिक भोवतो.

क्लचच्या तक्रारी मुख्यत्वे चार प्रकारच्या असतात. पहिली घसरण्याची: इंजिनाचा आवाज चढतो, वेग त्या प्रमाणात वाढत नाही आणि कधी कधी जळका वास येतो. दुसरी न सुटण्याची: पेडल पूर्ण दाबूनही गिअर पडताना खरखरतो, विशेषतः रिव्हर्स. तिसरी थरथरण्याची: गाडी जागेवरून हलताना सर्वांगाने हादरते. चौथी आवाजाची, आणि येथे पेडल हाच उत्तम साक्षीदार ठरतो. पेडल दाबताच जो आवाज उमटतो त्याचा संशय क्लचच्या बेअरिंगवर घ्यावा. उलट गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना जो ऐकू येतो आणि पेडल दाबताच थांबतो, त्याचा कसूर बहुधा गिअरबॉक्समधील बेअरिंगचा असतो, आणि तेथे नवी क्लच प्लेट घातल्याने काहीही साधत नाही.

घसरण्याची शहानिशा करण्याचा जुना व सोपा उपाय असा: सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पुरता ओढून तिसरा गिअर टाकावा आणि किंचित ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन धापकन बंद पडते. ते फिरतच राहिले तर तबकडी घसरते आहे असे समजावे. ही परीक्षा एकदाच करावी; पुन्हा पुन्हा केल्यास उरलेसुरले लेदरही जळून जाते. न सुटण्याच्या तक्रारीसाठी, इंजिन चालू ठेवून, पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकून पाहावा. एवढ्या अवकाशानंतरही खरखर होत असेल तर क्लच पुरता सुटत नाही हे निश्चित.

तरीही एवढ्यावरून गिअरबॉक्स उतरविण्याचा हुकूम देऊ नये, कारण कित्येक दोष बाहेरच्या बाहेर असतात. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० सारख्या केबलच्या गाड्यांत पेडलला आरंभी थोडा मोकळा खेळ ठेवलेला असतो. तो किती असावा हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. लेदर झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो आणि अजिबात उरला नाही म्हणजे धडधाकट तबकडीही घसरू लागते. केबलचा एक नट सैल केल्याने जी तक्रार मिटली असती तिच्यासाठी मग सबंध सेट बदलला जातो. उलट, खेळ फाजील झाला किंवा केबलच्या तारा सुटल्या तर क्लच सुटत नाही. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये दोन-तीनदा भराभर पेडल मारल्यावर गिअर नीट पडत असेल, तर नळीत हवा शिरली आहे किंवा सिलिंडर गळतो आहे असा तर्क करावा. थरथरणाऱ्या गाडीचे इंजिन माउंटिंग आधी पाहावे, कारण त्याचे रबर तुटले असताही गाडी तशीच हादरते. आणि ज्या पेडलखाली जाड मॅट सरकून बसली आहे त्याच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

एवढ्या तपासानंतरही दोष आतलाच ठरला, तर मात्र हात आखडू नये. एकदा गिअरबॉक्स खाली आला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग ही तिन्ही एकत्र बदलावीत. केवळ प्लेट बदलून वाचविलेले पैसे, जुने बेअरिंग वर्षभरात ओरडू लागले म्हणजे दुसऱ्यांदा मजुरीत जातात. इंजिनाच्या मागचे ऑइल सील पाझरत असेल तर ते त्याच वेळी बदलले पाहिजे, नाहीतर नवे लेदरही तेलात भिजून निकामी होते. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक तडे आहेत का ते पाहावे. पृष्ठभाग नुसता खडबडीत झाला असल्यास तो मापात राहून लेथवर साफ करता येतो, तडे असल्यास चाकच बदलणे इष्ट.

वागळे इस्टेटच्या आसपास एखाद्या गॅरेजमध्ये हे काम उभे राहून पाहण्यासारखे असते. कसबी मिस्त्री क्लचच्या घरातील काळी भुकटी हवेच्या नळीने कधी उडवीत नाही, ओल्या फडक्याने पुसून काढतो. जुन्या लेदरमध्ये ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असून त्याचे तंतू फुफ्फुसाला अपायकारक असतात. मग नवी प्लेट कोणत्या अंगाने बसते याची खूण तो वाचतो, ती बरोबर मध्यावर राहावी म्हणून जुन्या गिअरबॉक्सचा निकामी शाफ्ट तिच्यातून आत सरकवितो, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट एकामागून एक पुरते न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आळीपाळीने आवळीत जातो. वर चढविताना गिअरबॉक्सचा भार शाफ्टवर लोंबकळू न देण्याची खबरदारीही तो घेतो, कारण तेवढ्याने नवी प्लेट वाकते.

सुटे भाग मिळण्याचा प्रश्न मात्र गाडीगणिक निराळा असतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले तरी तिचा क्लच सेट आजही सहज मिळतो; उलट गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली प्यूजो ३०९ ज्याच्या दारी अजून उभी असेल, त्याला सेटच्या शोधार्थ कुर्ल्याचा जुना बाजार धुंडाळावा लागेल. दुर्मीळ गाडी घेणाऱ्याने म्हणूनच सौद्यापूर्वीच ही चौकशी करावी.

शेवटी, पैसे चुकते करण्यापूर्वी जुनी प्लेट मागून घ्यावी. लेदर सर्वत्र सारखे झिजून रिव्हेटांपर्यंत आले असेल तर तिने आपली सेवा पुरी केली. ती तेलाने माखलेली असेल तर सील बदलले की नाही ते विचारावे. आणि लेदर अर्धेअधिक शिल्लक असून काचेसारखे गुळगुळीत व जळकट झाले असेल, तर दोष गाडीचा नव्हे, चढावर हँडब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणाऱ्या पायाचा आहे. ती सवय सुटली नाही, तर नवा सेट कितीही अस्सल असो, तोही त्याच वाटेने जाईल.