घरच्या बिअरमधलं यीस्ट : साठ वर्षांचा मागोवा

घरी बिअर करायला लागणारा परवाना ब्रिटनमध्ये १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत ही मोकळीक मिळायला १९७८ उजाडलं. त्या कायद्यावर जिमी कार्टर यांची सही आहे. त्या काळातली घरगुती सामग्री म्हणजे माल्टच्या अर्काचा डबा आणि त्याच्या झाकणाखाली ठेवलेली कोरड्या यीस्टची पुडी. पुडीवर बहुधा वाणाचं नावही नसायचं. बिअर बिघडली की दोष भांड्यांच्या स्वच्छतेला, पाण्याला, हॉप्सना. यीस्टकडे बोट क्वचितच वळायचं.

यामागे जुनं कारण होतं. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल क्रिस्टियान हॅन्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. तोवर मागच्या बिअरचा गाळ पुढच्या बिअरला लावायचा, दह्याच्या विरजणासारखा. त्यात रानटी यीस्ट शिरलं की हौदच्या हौद कडवट व्हायचे. हॅन्सेन यांच्या पद्धतीनं ही नासाडी थांबली आणि कार्ल्सबर्गनं ती स्वतःपुरती न ठेवता सगळ्यांना खुली केली. उपकार मोठाच. पण त्यासोबत एक समजही रुजला, की चांगलं यीस्ट दर वेळी तेच आणि तसंच काम करतं; फरक पडला तर काहीतरी बिघडलंय.

हा समज सैल व्हायला लागला तो १९८० आणि ९०च्या दशकांत, अमेरिकेत वेगवेगळ्या वाणांचं द्रव यीस्ट हौशी लोकांना सहज मिळू लागल्यावर. वर्ट, म्हणजे माल्टपासून काढलेलं गोड पाणी, एकाच पातेल्यातलं घ्या आणि दोन बरण्यांत वाटा. एकीत इंग्लिश एलचं यीस्ट, दुसरीत बव्हेरियन गव्हाच्या बिअरचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिलीतला फेस बसत आलेला असतो आणि वास पावासारखा, थोडा फळांचा येतो. दुसरीतला फेस एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, वर चढू पाहतो. त्याला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. ना केळं घातलंय, ना लवंग. २०१६ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी यीस्टच्या १५७ वाणांची जनुकं वाचली, तेव्हा लवंगेचा उलगडा झाला. माणसाच्या हाताखाली शतकानुशतकं राहिलेल्या बहुतेक बिअर यीस्टनी तो वास तयार करण्याची क्षमता गमावली आहे. गव्हाच्या बिअरच्या यीस्टनी ती टिकवली, कारण तिथे तो वास हवाच होता.

बेल्जियन सेझाँ बिअरच्या यीस्टचं एक प्रसिद्ध वाण तर अर्ध्या वाटेत थांबतं. उरलेली साखर घनतेवरून दाखवणारा हायड्रोमीटर १.०३०च्या आसपास अडकतो, एअरलॉक गप्प होतो, आणि नवखा माणूस बिअर मेली असं समजून ओतून द्यायला निघतो. बरणी तिशीच्या वर तापवली आणि धीर धरला की काम पुन्हा सुरू होतं. काही वाणं याच्या उलट, थांबायचं नावच घेत नाहीत. इतर यीस्टना न पचणारी डेक्स्ट्रिन, म्हणजे लांब साखळ्यांच्या शर्कराही, ती सावकाश फोडत राहतात, बाटलीत भरल्यावरसुद्धा. मग दाब वाढून बाटल्या फुटतात.

पण या सगळ्या काळात पुस्तकी नियमांना सर्वात मोठा धक्का दिला तो नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी. एल आंबवायचं अठरा ते बावीस अंशांवर, त्याहून गरम झालं तर उग्र, डोकं धरणारी दारू होते, हे प्रत्येक हौशी माणसाला पाठ. २०१४ साली बिअरचे नॉर्वेजियन अभ्यासक लार्स मारियस गार्शोल फॉस भागातल्या सिगमंड येर्नेस यांच्या घरी गेले, तर तिथे यीस्ट घालायचं तापमान होतं ३९ अंश. नागपूरच्या एप्रिलमधली दुपारच! आणि बिअरला वास संत्र्याच्या सालीचा, उग्रपणा नाही. या यीस्टचं नाव क्वाइक. ते घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं. लाकडाचे लहान तुकडे गुंफून कडं करायचं, ते यीस्टमध्ये बुडवून टांगून वाळवायचं, आणि पुढच्या वेळी तेच वर्टमध्ये टाकायचं. यीस्ट घालताना मोठ्यानं आरोळी ठोकायचीही प्रथा होती. २०१८च्या संशोधनात क्वाइकचं कुळ बिअर यीस्टमध्ये वेगळं निघालं, आणि लवंगेचा वास त्यातल्या बहुतेकांनी गमावलेला. प्रयोगशाळेशिवाय, सूक्ष्मदर्शकाशिवाय इतकी चोख निवड या लोकांनी केली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता क्वाइक पाकिटात मिळतं, आणि नवे फरक दिसू लागले आहेत. शेतावरचा वर्ट दाट, पोषक. पाकीट वापरणारा ते यीस्ट १.०४०च्या पातळ वर्टमध्ये टाकतो आणि ते रेंगाळतं, म्हणून यीस्टचं खाद्य वेगळं घालावं लागतं. शेतावर एकाच क्वाइकमध्ये अनेकदा कितीतरी वाणं एकत्र नांदतात. पाकिटात बहुधा त्यांतलं एकच येतं. फॉसमध्ये यीस्ट तळातून काढतात, हॉर्निनदालमध्ये वरच्या फेसातून, आणि जे काढलं जातं तेच पुढे जगतं. म्हणूनच गार्शोल यांनी केलेली क्वाइकची नोंदवही मला पाकिटावरच्या कुठल्याही मजकुराहून मोलाची वाटते. तिच्यात मालकाच्या आणि गावाच्या नावापुढे हेच लिहिलेलं असतं : यीस्ट किती अंशांवर घालतात, किती तासांनी काढतात, आणि वरून काढतात की तळातून.