घरीं बांधलेली मोटार

मोटार म्हटली कीं प्रचंड कारखाना डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु सुटे भाग विकत आणून, शनिवार-रविवारच्या फुरसतींत, घराच्या आवारांतच मोटार जोडण्याची हौस इंग्लंडांत चांगलीच रुजलेली आहे. तेथील लोटस कंपनीनें १९५७ सालीं 'सेव्हन' नांवाची दोन आसनांची लहानशी गाडी काढली. तयार मोटारीवर त्या काळीं खरेदीकर बसे; सुटे भाग घेऊन गाडी स्वतः जोडणाराचा तो कर वांचे. १९७३ सालीं करपद्धति बदलली व ही सवलत गेली. हौस मात्र टिकली. त्याच सालीं 'सेव्हन'चे हक्क केटरहॅम कंपनीकडे आले, आणि ती कंपनी आजहि ही गाडी सुट्या भागांत विकते.

आपल्याकडील हौशी कारागिराला असा तयार संच सहसा लाभत नाहीं; त्याला भंगारांतूनच सामान वेंचावें लागतें. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव. तेथील दत्तात्रय लोहार यांनीं, शाळेचें शिक्षण बेताचेंच असतां, मुलाच्या हौसेखातर जुन्या गाड्यांचे भाग जमवून सुमारें ६०,००० रुपयांत एक छोटी चारचाकी तयार केली. दुचाकीप्रमाणें पायानें किक मारली कीं ती सुरू होई. १९२१ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरांत, तिचें चलच्चित्र देशभर पाहिलें गेलें.

सांगाडा जोडून त्यावर एंजिन बसविणें हें कुशल लोहाराला अवघड नाहीं. खरी कसोटी वळणें आणि थांबणें यांत आहे. खळ्यावर मेढीभोंवतीं बैल फिरतात, तेव्हां आंतला बैल लहान वर्तुळांत व बाहेरचा मोठ्या वर्तुळांत चालतो. वळणावर मोटारीच्या पुढील दोन चाकांचेंहि असेंच असतें. म्हणून आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळेल अशी दांड्यांची रचना करावी लागते. ती चुकली तर टायर घासत जातात आणि गाडी हातांत राहत नाहीं. ब्रेकचें गणित याहून कठोर आहे. गाडीचें वजन दुप्पट झालें तर ब्रेकला दुप्पट शक्ति जिरवावी लागते. पण वेग दुप्पट झाला तर चौपट! दुचाकीचा ब्रेक चारचाकीस कां पुरत नाहीं, हें यावरून कळेल.

याच कारणानें कायदा आड येतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १२६ व्या नियमाप्रमाणें नमुन्याची गाडी मान्य संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांपैकीं एक. कारखानदार हा खर्च हजारों गाड्यांवर वांटतो. एकच गाडी बांधणारानें तो कोणावर वांटावा? ब्रिटनमध्यें एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर आणण्याची सोय आहे, म्हणून तेथील हौस टिकून राहिली.

लोहार यांची गाडी नियमांत बसत नसल्यानें आज ना उद्यां अडविली जाईल, हें ओळखून उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली, आणि २०२२ च्या जानेवारींत ती लोहार कुटुंबास मिळाली. या औदार्यानें एका घरचा प्रश्न सुटला. पण पुढच्या कारागिराचें काय? नागपुरांतील एखाद्या हौशी तरुणानें उद्यां आवारांत गाडी जोडली, तर तिला रस्ता मिळणें आजच्या नियमांत कठीणच. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या 'बाहा' स्पर्धेंतल्या गाड्या बंदिस्त मैदानावर धावतात, म्हणून तेथें ही अडचण येत नाहीं.

रस्ता सर्वांचा आहे. त्यावर मुलेंबाळें चालतात. म्हणून परीक्षा हवीच. मात्र ती एका माणसाला, एका गाडीसह, परवडेल अशी असावी. परीक्षेंत नापास होण्याचें दुःख कारागीर सोसूं शकतो. परीक्षेस बसतांच न येण्याचें दुःख त्याचे हात थांबवितें.