अंदाजाचं माप

2020 साल नुकतंच लागलं होतं. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार गावात एका कॉलेजवयीन नातवाने आजीकडे पावभाजीचा हट्ट धरला. आजीने पावभाजी कधी केलेली नव्हती. मग नातवाने मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ दाखवले. आजीने ते शेवटपर्यंत पाहिले आणि म्हणाली की याच्यापेक्षा चांगली तर मीच करीन. पावभाजी झाली, घरातल्या सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली, आणि आजीच्या हातचं जगाला दाखवायचं असं नातवाने ठरवलं. ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल असं सुरू झालं आणि सत्तरीच्या सुमन धामणे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचल्या.

ही गोष्ट नंतर बऱ्याच वर्तमानपत्रांत आली. तिच्यातलं गोडपण सगळ्यांनी टिपलं, आणि ते आहेच. पण त्या घरात त्यानंतर जे घडलं ते जास्त मोलाचं आहे. आयुष्यभर कुणी न विचारता स्वयंपाक करणाऱ्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, की हे तुम्ही नेमकं कसं करता?

या प्रश्नाचं उत्तर देणं वाटतं तेवढं सोपं नाही. घरच्या जुन्या जाणत्या बाईला मीठ किती घालायचं विचारा. ती म्हणेल, ‘अंदाजानं’. पाणी किती? ‘बोटाचं एक पेर.’ कधी उतरवायचं? ‘वास आला की.’ ती काही लपवत नसते. तिला खरोखरच एवढंच सांगता येतं, कारण तिचं ज्ञान शब्दांत नसतं. ते मनगटात, नाकात आणि कानात असतं. मायकेल पोलान्यी या हंगेरीत जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या विचारवंताने विसाव्या शतकात या प्रकारच्या ज्ञानाचा अभ्यास केला. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळला जातो ते सांगता येत नाही, पण त्याला सायकल येते. आजीची फोडणी त्याच जातीची.

कॅमेरा समोर आला की मात्र ‘अंदाजानं’ एवढ्यावर भागत नाही. परातीत पीठ घेताना हात थांबवावा लागतो, वाटी पुढे करावी लागते, किती ते मोठ्याने बोलावं लागतं. सुमन धामणे आधी कधीच कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या नव्हत्या, त्यामुळे सुरुवातीला त्या अवघडत. बेकिंग पावडर, सॉस, नूडल्स असे शब्द त्यांनी नातवाकडून शिकून घेतले. हळूहळू भीड चेपली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, माणसं घरात अडकली, आणि त्याच सुमारास आलेला त्यांचा कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ थोड्याच दिवसांत लाखो लोकांनी पाहिला. लहान मुलं ताटात बाजूला सारतात ती कारली! तरी तो एवढ्यांनी पाहिला याचं कारण मला असं दिसतं, की हॉटेलं बंद झाल्यावर लोकांना घरचीच चव हवी होती आणि ती सांगणारं माणूस शेजारी नव्हतं. शहरात एकट्या राहणाऱ्या कित्येक मुलामुलींनी त्या दिवसांत पहिल्यांदा भाजी चिरली. त्यांच्या मोबाईलवर एक आजी न रागावता सांगत होती.

स्वयंपाकाला माप देण्याचा हा प्रयत्न महाराष्ट्रात नवा नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालचं. त्यानंतर साठ वर्षांनी, 1970 मध्ये, कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि मराठी स्वयंपाकघराचा पुस्तकाकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला. कमलाबाई सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. स्वयंपाकाचे धडे त्यांनी सासूबाईंच्या हाताखाली गिरवले. त्यांनी पाककृतींना ग्रॅम आणि औंस न लावता वाटी आणि चमच्याचं माप दिलं. किती साधी गोष्ट, आणि किती मोठी! वाटी प्रत्येक घरात होती. तीच वाटी पिठाला, तीच पाण्याला वापरली की प्रमाण जुळतं, मग वाटी लहान असो की मोठी. या पुस्तकाच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. लेकीला सासरी पाठवताना आणि मुलाला परदेशी धाडताना बॅगेत ‘रुचिरा’ ठेवण्याची रीतच पडली होती.

पण पुस्तकाला एक गोष्ट जमत नाही. ‘तेल सुटेपर्यंत मसाला परतावा’ हे वाक्य छापता येतं, पण तेल सुटलं म्हणजे नेमकं काय झालं, हे ज्याने पाहिलं नाही त्याला कसं कळणार? वाटणात पाणी असतं तोवर कढईतली उष्णता ते पाणी उडवण्यात खर्च होते. तेल, कांदा, खोबरं सगळं एकजीव दिसतं. पाणी उडालं की वाटणाचा ताप शंभर अंशांच्या वर चढतो, मसाला खऱ्या अर्थाने भाजू लागतो, आणि तेल बाजूला होऊन कडेने चमकतं. आवाजही बदलतो. आधीचा बुडबुडणारा ओला आवाज जाऊन कोरडी चरचर सुरू होते. हे पाच सेकंदांच्या चित्रात दिसतं आणि ऐकू येतं. कमलाबाईंनी अंदाजाला वाटी दिली, आणि कॅमेऱ्याने त्याच अंदाजाला डोळे आणि कान दिले. म्हणूनच ज्यांना लिहायची सवय नव्हती अशा बायकांनाही गुरू होता आलं. हे मला या माध्यमाचं सगळ्यात मोठं देणं वाटतं.

मधुरा बाचल यांचा प्रवास वेगळ्या टोकाचा. 2009 मध्ये अमेरिकेत असताना त्यांनी ‘मधुराज रेसिपी’ हे चॅनल सुरू केलं. यूट्यूब तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं आणि मराठी पदार्थ तिथे शोधूनही सापडत नसत. सुरुवात त्यांनी इंग्रजीतून केली. पुढे त्या पुण्यात आल्या आणि मराठीतून बोलू लागल्या, तेव्हा त्यांचा प्रेक्षक कित्येक पटींनी वाढला. ‘भाकरी थापणं’ दुसऱ्या भाषेत सांगता येतं, नाही असं नाही. पण पीठ ‘विरी गेलं’ हे सांगायला मराठीच लागते. जुन्या पिठाचा चिकटपणा गेला, त्यामुळे भाकरीला कडेने चिरा पडतात, एवढा सगळा अर्थ त्या दोन शब्दांत आहे. आपल्या बोलीत बोललं तर लोक कमी बघतील, ही भीती अनेकांना असते. मधुरा बाचल यांच्या अनुभवाने ती खोटी ठरवली.

निशा मधुलिका यांचं चॅनल हिंदीतलं. मुलं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली, घर रिकामं झालं आणि दिवस सरेना, हे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलं आहे. त्या पोकळीत त्यांनी 2007 मध्ये पाककृती लिहायला घेतल्या. 2011 मध्ये त्या व्हिडिओकडे वळल्या, तेव्हा वयाची पन्नाशी उलटली होती. साडी नेसून, सावकाश आणि स्पष्ट बोलत त्या शाकाहारी पदार्थ दाखवू लागल्या आणि त्यांचं चॅनल देशातल्या सर्वांत यशस्वी पाककला-चॅनलांत गणलं जाऊ लागलं. ‘आता माझी घरात काही गरज उरली नाही’ असं मनात येणाऱ्या प्रत्येक बाईने त्यांच्याकडे पाहावं.

आणि मस्तानम्मा! आंध्र प्रदेशातल्या गुडिवाडा गावची ही पणजी. 2016 मध्ये पणतूने आणि त्याच्या मित्राने तिचा पहिला व्हिडिओ केला तेव्हा तिचं वय शंभराच्या पुढे असल्याचं सांगितलं जात होतं. अकराव्या वर्षी लग्न, बाविसाव्या वर्षी वैधव्य, पाच मुलांतलं एकच जगलेलं, आणि जन्मभर मजुरी. शेताच्या बांधावर तीन दगडांची चूल मांडून ती वांग्याची भाजी करायची, पोखरलेल्या कलिंगडात कोंबडी शिजवायची, आल्याची साल सुरीऐवजी नखाने काढायची. दहा लाखांहून जास्त लोक तिच्या चॅनलला जोडले गेले. डिसेंबर 2018 मध्ये ती गेली. तिच्या व्हिडिओत जीवनाचे धडे वगैरे काही नाहीत. ती बसते, चिरते, ढवळते, चाखते, हसते. तरीही ज्या बाईला कुणी कधी नावाने विचारलं नव्हतं, तिला शेवटची दोन वर्षं जगाने ओळखलं, आणि त्या ओळखीने तिचा चेहरा कसा फुलला होता ते कुणालाही दिसेल.

तेलंगणातल्या नारायण रेड्डी यांची गोष्ट थोडी निराळी. 2017 पासून त्यांचं ‘ग्रँडपा किचन’ चालायचं. प्रचंड मोठ्या कढईत शिजवलेलं सगळं अनाथ मुलांच्या पानात जायचं. 2019 मध्ये ते वारले. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात पेरियतंबी नावाचे आजोबा आणि त्यांचे नातू 2018 पासून ‘व्हिलेज कुकिंग चॅनल’ चालवतात. एक कोटी सदस्यांचा टप्पा गाठणारं ते पहिलं तमिळ चॅनल. तो टप्पा गाठल्यावर त्यांनी मुख्यमंत्र्यांच्या मदतनिधीला 10 लाख रुपये दिले. शेवटी रांधलेल्याचा कुणाला तरी उपयोग व्हायलाच हवा, हा विचार दोन्हीकडे आहे. कॅमेऱ्यासाठी रांधून फेकून देणाऱ्यांच्या काळात तो फार आश्वासक वाटतो.

हा रस्ता सगळा फुलांचा आहे असं कुणी समजू नये. जाहिरातीचे पैसे मिळायला आधी हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचं प्रेक्षण लागतं. तोवर तेल, भाज्या, गॅस सगळं पदरचं. लाखाला चांदीचं, दहा लाखांना सोन्याचं, कोटीला हिऱ्याचं बटण मिळतं, पण बहुतेकजण पहिल्या पायरीच्या आधीच थकतात. एक पदार्थ दोनदा बिघडतो, तिसऱ्यांदा जमतो आणि तेव्हा उजेड गेलेला असतो. वरून अनोळखी माणसं काहीही बोलतात. हात असे का, भांडं जुनं का, उच्चार गावंढळ का. साठी-सत्तरीच्या बायकांना हे ऐकून घ्यायला शिकावं लागलं, आणि त्यांनी उत्तर दिलं ते पुढच्या पदार्थाने.

सुमन धामणे यांच्यावर तर वेगळाच घाला आला. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांचं चॅनल कुणीतरी हॅक केलं. कित्येक महिन्यांची मेहनत एका रात्रीत पडद्यावरून नाहीशी झाली. आजी हवालदिल झाल्या. चार दिवसांनी चॅनल परत मिळालं तेव्हा कुठे घर हसलं. अशा चोऱ्यांची पद्धत पुढे उघड झाली. गूगलच्या सुरक्षा-पथकाने 2021 मध्ये सांगितलं, की 2019 च्या अखेरीपासून यूट्यूबवर काम करणाऱ्यांना जाहिरातीच्या खोट्या प्रस्तावांचे ईमेल धाडले जात होते. त्यातल्या दुव्यावरून फाईल उतरवून उघडली की संगणकात साठलेली प्रवेशाची खूण चोरीला जायची आणि पासवर्डशिवायच चॅनल ताब्यात जायचं. ते बहुधा आभासी चलनाच्या फसवणुकीसाठी वापरलं किंवा विकलं जायचं. त्यानंतर नोव्हेंबर 2021 पासून कमाई करणाऱ्या चॅनलांना दुहेरी पडताळणी सक्तीची झाली. चूल आणि मूल एवढंच जिला ठाऊक असं आपण धरून चालतो, त्या पिढीतल्या बाईला हॅकिंग म्हणजे काय ते स्वतःच्या नुकसानीतून शिकावं लागलं. ती शिकली, आणि पुन्हा चुलीपुढे बसून बोलू लागली.

या सगळ्यांत समान काय, तर मोठं होणं. ते पैशाने किंवा प्रसिद्धीने आलेलं नाही, निदान आधी तरी नाही. आपल्याला जे येतं ते काहीतरी आहे, हे कळल्याने ते आलं. घरात चाळीस-पन्नास वर्षं केलेल्या कामाला ‘काम’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती. ‘काय करता?’ या प्रश्नावर ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर ठरलेलं. दुसऱ्याला शिकवायची वेळ आली की मात्र पदार्थाचे टप्पे पाडावे लागतात, कारणं शोधावी लागतात. गरम पाण्यात पीठ का भिजवायचं? चिंच शेवटी का घालायची? विचार करता करता बाईला उमगतं की हातात केवढी विद्या साठली आहे. मार्च 2024 मध्ये दिल्लीत पहिले राष्ट्रीय क्रिएटर पुरस्कार दिले गेले. त्यात खाद्यपदार्थांचा स्वतंत्र विभाग होता आणि तो मान 2014 पासून ‘कबिताज किचन’ चालवणाऱ्या कबिता सिंग यांना मिळाला. घरच्या स्वयंपाकाची दखल आता सरकारदरबारीही घेतली जाते.

प्रत्येकाने चॅनल काढावं असं मुळीच नाही. पण प्रत्येक घरात एक तरी पदार्थ असा असतो जो एकाच हाताला जमतो आणि त्या हाताबरोबर जातो. कुणाच्या घरची ती शेंगोळी असतील, कुणाची सांदणं, कुणाचं काळ्या वाटणाचं कालवण. येत्या सुटीत आईला, आजीला, मावशीला तो करायला लावा. मोबाईल डब्याला टेकवून ठेवा. ती ‘अंदाजानं’ म्हणाली की वाटी पुढे करा, तिच्या मुठीतलं पीठ त्यात ओतून घ्या आणि किती भरलं ते लिहून काढा.